त्याला ठसका लागत नव्हता

दोंडाईच्याला मिरचीच्या दिवसांत परका माणूस उतरला, की तो आधी शिंकतो आणि मग पत्ता विचारतो. विचारतो तेही डोळे पुसत पुसत. टांगेवाले गालातल्या गालात हसतात आणि म्हणतात, बसा पाहुणे, पथारी तर अजून पुढंच आहे!

पथारी म्हणजे गावाबाहेरचा मोकळा माळ. तिथं माणकचंद शेठची ओली मिरची वाळत पडायची, नजर पोचेल तिथवर लालच लाल. बाया त्या लालीत घोट्यापर्यंत उभ्या राहून पायांनी मिरची पलटायच्या, ओळीनं बसून देठ खुडायच्या आणि रंग उडून पांढरी पडलेली मिरची निवडून बाजूला टाकायच्या. त्या पांढऱ्या मिरचीला फटकी म्हणतात. दिसायला मोठी गोरीगोमटी, पण तिला ना चव ना झोंब. शेठ ती बघून नाक मुरडायचा.

ठसका मात्र सगळ्यांना लागायचा. शेठला लागायचा, मुनिमाला लागायचा, पथारीवरून आडवं गेलेलं कुत्रंही शिंकत जायचं. जुन्या बाया म्हणायच्या, आम्हाला नाही बुवा आता काही होत. खोटं! होतं सगळं. रोजचं झालं म्हणून बोलून दाखवत नाहीत, इतकंच. आणि मिरचीचा हात चुकून डोळ्याला लागला तर मग विचारूच नका. पथारीवरच्या प्रत्येक बाईनं ती चूक केलेली, आणि एकदा केली म्हणून शहाणी झालेली एकही नाही.

यशोदाबाईनं या पथारीवर जन्म काढला होता. आजाच्या काळात घर ख्रिस्ती झालं, पण नाव, नऊवारी आणि बोली आहे तीच राहिली. रविवारी चर्चमध्ये बायांच्या बाजूला पहिल्या ओळीत बसायची, गाणं सगळ्यांच्या वर एक पट्टी काढून म्हणायची. देवाची आणि तिची ओळख तशी जुनी. पण तो तिच्याशी कधी बोलला म्हणावं, तर नाही. तो टोचायचा. मुलीच्या, सुवार्ताच्या लग्नात ती नणंदेला टाकून बोलली होती. तर कितीतरी दिवस त्यानं तिला भाकरी गोड लागू दिली नाही. प्रार्थनेला डोळे मिटले की नणंदेचा उतरलेला चेहरा पुढं उभा. शेवटी चडफडत भुसावळची गाडी धरली, नणंदेच्या दारात जाऊन बसली, तेव्हा कुठं झोप लागली. असा तो. बोलायचा नाही, सोडायचाही नाही.

एकोणनव्वद सालच्या त्या हंगामात मात्र तिचं चित्त मिरचीत नव्हतं. नवरा झुलाल घरी खोकत पडला होता. त्याला क्षय झाला होता. जन्मभर जिनात, सरकी काढायच्या गिरणीत, कापूस वाहिलेला माणूस, आता पाण्याची कळशी उचलायची तरी दम लागायचा. धुळ्याच्या दवाखान्यातून गोळ्या चालू होत्या. त्यातली एक लालभडक कॅप्सूल, जिच्यानं लघवीसुद्धा लाल व्हायची. डॉक्टरनं यशोदाबाईला समोर उभी करून बजावलं होतं, “बाई, बरं वाटलं म्हणून थांबायचं नाही. मध्येच सोडल्या तर रोग चवताळून उठतो, मग हाच माणूस वाचवणं कठीण.” तिनं मान डोलवली होती, आणि रोज सकाळी पथारीवर जाण्याआधी स्वतःच्या हातानं गोळ्या त्याच्या तळव्यावर ठेवत होती. तोही निमूट गिळायचा. गिळताना तिच्याकडं बघायचा, जशी काही तीच कडू होती.

दुपारी भाकरी खाल्ली की बाया लिंबाखाली आडव्या व्हायच्या. त्या ऊनझोपेत तिला तो पहिल्यांदा दिसला.

पथारीच्या पार त्या टोकाकडून कुणीतरी येत होतं. पांढऱ्या झग्यात, अगदी चर्चमधल्या चित्रातल्यासारखं. ऊन मिरचीवर असं तापलं होतं की सगळा माळ पाण्यासारखा हलत होता, आणि त्या हलत्या लालीवरून तो सावकाश चालत आला. पायाखाली मिरची चुरडत होती, धूळ उठत होती, पण त्याच्या झग्याला लालीचा ठिपका नाही. तिच्याजवळ येऊन तो थांबला आणि गोड आवाजात म्हणाला, “यशोदा, मी आहे. तुझी सुवार्ता आई होणार आहे.”

ती दचकून उठली. तोंडावर माशा बसल्या होत्या आणि शेजारी धुरपदाबाई घोरत होती.

पुढच्याच आठवड्यात जावयाच्या ओळखीचा रेल्वेचा गार्ड निरोप घेऊन आला, की भुसावळला सुवार्ताकडं गोड बातमी आहे! यशोदाबाईच्या अंगावर काटा उभा राहिला. तिनं धुरपदाबाईला सगळं सांगितलं. धुरपदाबाई शेतकऱ्याच्या घरची, खंडेरायाची भक्त, पण दोघींचं जुनं मेतकूट होतं. त्याला कारणही होतं. यशोदाबाई नवी नवरी होऊन पथारीवर आली, तेव्हा तिचं मडकं बाया लांब, उन्हात ठेवायला लावायच्या. तिच्या हातचं पाणी कोण पिणार? एक दिवस ही धुरपदा तरातरा उठली, त्या मडक्यात लोटा बुडवला आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा प्यायली. सासूच्या शिव्या खाल्ल्या, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा प्यायली. तेव्हापासून दोघींची मडकी लिंबाखाली शेजारी शेजारी.

स्वप्न ऐकून धुरपदाबाईनं विचारलं, “पथारीवर चालत उना, नि त्याले ठसका नही लागना?”

“नही.”

“शिंक?”

“नही वं! देवले कसाना ठसका?”

“आसं का,” धुरपदाबाई म्हणाली आणि देठ खुडू लागली. “मना खंडेरायले तं लागस.”

यशोदाबाईला राग आला. पण चर्चमधल्या बायांनी ऐकलं तेव्हा त्यांनी तोंडावर हात ठेवले. मिरचीतून चालला आणि ठसका नाही! डाग नाही! अगं, हीच तर खूण! बाकी कुणालाही लागेल, त्याला कसा लागेल? बघता बघता ती गोष्ट घराघरांत गेली. कुणी पोर आजारी पडलं की बाया यशोदाबाईच्या ओट्यावर येऊन बसायच्या, कुणाचं लग्न अडलं की यायच्या. “मावशी, तुमच्या स्वप्नात विचारा ना.” जन्मभर जिला कुणी काही विचारलं नाही, तिला आता सगळे विचारत होते. खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. कुणाला आवडणार नाही?

आणि तो यायचाच. रोज नाही, पण ऊन चढलं, लिंबाची सावली पायाशी गोळा झाली, की पथारीच्या टोकाला पांढरं काहीतरी हलायचं. त्याचं बोलणं कसं शुद्ध, छापील. तो म्हणायचा, “दोंडाईच्यात तुझ्यासारखी प्रार्थना कोणी करत नाही.” म्हणायचा, “तुझ्या चर्चच्या पाळकाला पुस्तक कळतं, मी तुला कळतो.” झोपेतच तिचा ऊर भरून यायचा. तिचे झोंबणारे हात तो हातात घ्यायचा आणि आग शांत व्हायची. उठल्यावर पुन्हा सुरू व्हायची, हे वेगळं.

एका दुपारी तो म्हणाला, “ती बाई माझी नाही. तिच्या मडक्यातलं पाणी तू कशाला पितेस?”

त्या दिवसापासून यशोदाबाईनं आपलं मडकं उचलून दुसऱ्या झाडाखाली नेलं. धुरपदाबाईनं ते जाताना पाहिलं. तिनं तोंडावरचं फडकं जरा वर ओढून घेतलं, जसं ठसका लागल्यावर घेतात.

यशोदाबाईला वाटलं होतं, आता रात्री टोचेल. नाही टोचलं. काहीच टोचलं नाही. किती दिवसांत तिला काही टोचलंच नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं, आणि तिनं देवाचे आभार मानले. हाच तर वेडेपणा!

मग तो गोळ्यांविषयी बोलला.

“झुलालला मीच बरा करणार आहे,” तो म्हणाला. “पण त्या लाल गोळ्या आणि मी, दोघं एका घरात राहणार नाही. लोक मला मानतील की डॉक्टरला? तू धीर धर. सारं गाव तुझा विश्वास बघेल.”

त्या संध्याकाळी तिनं झुलालला सांगितलं. सांगताना तिचा चेहरा फुलला होता. पंचवीस वर्षांच्या पोरीसारखी ती हातवारे करत होती, मध्येच हसत होती, मध्येच रडत होती. झुलाल खाटेवर उशीला टेकून ऐकत होता. सगळं ऐकून तो इतकंच म्हणाला, “तुनं मन शे ना? मंग राहू दे गोया.”

गोळ्यांची पुडी तिनं देवळीत, दिव्यामागं ठेवून दिली.

पहिले काही दिवस तो उलट ताजातवाना दिसला. लघवीची लाली गेली, तोंडाची कडवट चव गेली, भाकरी दोन घास जास्त जाऊ लागली. बाया धन्य धन्य म्हणाल्या. पाळक रुपचंद अहिरे यांच्या कानावर गेलं तेव्हा ते सायकल मारत तडक घरी आले. सडसडीत, तिरसट माणूस; गोड बोलायची त्यांना सवयच नव्हती.

“मावशी, गोळ्या द्या त्याला.”

“देवानं नको म्हटलंय.”

“कुठल्या देवानं?”

“पाळकसाहेब, असं विचारतात का?”

“विचारायचंच असतं. शास्त्रात सांगितलंच आहे तसं, की जो येईल त्याला पारखून घ्या. आपला प्रभू हाडामांसाचा होऊन आला. जो त्याच्या हाडामांसाला लाजतो, तो किती का चमकेना, तो प्रभू नव्हे. झुलालभाऊच्या छातीची ज्याला पर्वा नाही तो कोण, ते तुमचं तुम्ही बघा.”

“तुमच्या स्वप्नात येत नाही म्हणून तुम्हाला झोंबतंय,” यशोदाबाई म्हणाली. पाळकांनी तिच्याकडं पाहिलं, मग झुलालकडं पाहिलं. “भाऊ, तू तरी शहाणा हो,” असं म्हणून ते गेले. झुलाल छताकडं बघत राहिला.

होळीच्या सुमाराला खोकला परत आला. आधी कोरडा, मग खोल, विहिरीत बादली आपटावी तसा. ताप चढू लागला. यशोदाबाई देवळीपुढं उभी राहायची. हात पुडीकडं जायचा आणि परत यायचा. आता दिल्या तर तो म्हणेल विश्वास नाही. बाया काय म्हणतील? आणि नाही दिल्या तर? ती दुपारची वाट बघायची, झोपायची, तो यायचा आणि हसून म्हणायचा, “मी आहे ना.” त्याच्या हसण्यात खोकल्याचा आवाज बुडून जायचा.

उत्तम शुक्रवार उजाडला. त्या दिवशी भर दुपारी तीन तास उपासना असते. प्रभू वधस्तंभावर असताना सात वाक्यं बोलला, ती सात जण एकेक करून सांगतात. त्याला सात शब्द म्हणतात. दोंडाईच्यात पाचवा शब्द वर्षानुवर्षं झुलालचा. तो सगळ्यांत लहान, आणि झुलालला बोलायचा कंटाळा, म्हणून कधीतरी कुणीतरी तो त्याच्या गळ्यात घातला आणि मग कुणी काढून घेतला नाही. पाचवा शब्द म्हणजे तहान. प्रभूला तहान लागली, एवढंच. झुलाल उभा राहायचा, ते वाक्य सांगायचा, आणखी एखादं पुढं-मागं लावायचा आणि खाली बसायचा. लोक त्याला चेष्टेनं तहानभाऊच म्हणायचे.

“यंदा नको येऊस,” पाळक म्हणाले होते. झुलाल म्हणाला, “मना शब्द शे, मी सांगसू.” शेजारच्या सुताराच्या खांद्यावर हात टेकून तो चर्चपर्यंत आला.

आत पत्रे तापले होते. उपासाचा दिवस, पाण्याचा घोट नाही. चौथा शब्द सांगणारे गृहस्थ एकदा सुरू झाले की थांबायचं नाव घेत नसत. त्यांचा आवाज लांब लांब जाऊ लागला. उघड्या खिडकीतून पथारीची झोंब वाऱ्यावर येत होती. यशोदाबाईच्या पापण्या जड झाल्या.

आणि ती पथारीवर होती. या वेळी कुणीच बाया नाहीत, लिंब नाही, सावली नाही, फक्त लाल जमीन आणि वर पांढरं आभाळ. तो आला. नेहमीसारखाच, डाग नसलेला. “आज सगळे बघतील,” तो म्हणाला. “झुलाल बोलायला उभा राहील. त्याला रक्त पडेल. तू घाबरू नकोस, जागची हलू नकोस. तुझ्यासारखी श्रद्धा या गावानं पाहिलेली नाही.”

कुठंतरी खोकल्याचा आवाज आला. खूप लांबून, जमिनीच्या खालून यावा तसा. यशोदाबाईनं मान वळवली. तो मात्र वळला नाही. त्यानं ऐकलंच नाही. तो तिच्याकडंच बघत होता, तसाच हसरा.

“तो खोकतोय,” ती म्हणाली.

“खोकू दे. तू माझ्याकडं बघ.”

ती बघत राहिली. पहिल्यांदाच नीट, जवळून. इतक्या मिरचीत उभा असून त्याच्या नाकात पाणी नव्हतं, डोळ्यांच्या कडा लाल नव्हत्या, ओठ कोरडे नव्हते. पांढरा, गोरागोमटा. रोज हातानं निवडून बाजूला टाकते ती फटकी तिला आठवली. लहानपणी ऐकलेली गोष्ट तिला आठवली, मित्राच्या कबरीपाशी उभा राहून रडलेल्या प्रभूची. मास्तरणीनं ती सांगितली तेव्हा छोट्या यशोदेनं विचारलं होतं, खरंच रडला? नाकातून पाणी येईपर्यंत? मास्तरणीनं म्हटलं होतं, हो गं, तसाच.

तिनं आपले दोन्ही हात वर केले. देठ खुडून खुडून लाल झालेले, तिच्या स्वतःच्याच डोळ्यांना वैरी झालेले हात. आणि ते तिनं त्याच्या डोळ्यांवर ठेवले, चोळले.

पापणी लवली नाही. पाण्याचा थेंब नाही. हाताखाली काहीच नव्हतं, ना ऊब ना ओल.

“मला काय होणार?” तो म्हणाला. “मी देव आहे.”

“त्याले व्हयनं व्हतं,” यशोदाबाई म्हणाली. “त्याले बठ्ठं व्हयनं व्हतं. रडू, तहान, बठ्ठं.”

त्याचं हसू होतं तसंच राहिलं, पण बाकीचा तो कुठं होता ते तिला दिसेना. खोकला मात्र जवळ आला, आणखी जवळ आला, आणि तिनं डोळे उघडले.

पुरुषांच्या बाजूला झुलाल उभा होता. बाकाची पाठ त्यानं घट्ट धरली होती. “प्रभू म्हने,” तो म्हणाला, “माले तहान लागनी.” पुढचं वाक्य त्यानं तोंडात आणलं होतं, पण त्याऐवजी खोकला आला. तो वाकला. हात तोंडावर गेला, आणि पांढऱ्या सदऱ्यावर लाल ठिपके उडाले.

सगळं चर्च यशोदाबाईकडं बघू लागलं. बायांच्या ओळीतून कुणीतरी पुटपुटलं, “मावशी, विश्वास धरा.”

“चुलीत घाला मना विश्वास!” यशोदाबाई ओरडली. “पानी आना कोनी! त्याले तहान लागनी, आयकं नही का?”

पाणी कुठलं असायला? उपासाचा दिवस. ती पदर सावरत धावत सुटली. चर्चला लागून पहिलं घर धुरपदाबाईचं होतं. ती दारात सूप घेऊन बसली होती. यशोदाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली, धापा टाकत.

“पानी,” ती म्हणाली.

धुरपदाबाईनं सूप खाली ठेवलं. “मना हातनं चाली का?”

तेव्हा टोचलं. इतक्या महिन्यांनी टोचलं, असं की ती दाराची चौकट धरून खालीच बसली. ओळखीची टोच. तिला मोठ्यानं रडू आलं, आणि खरं सांगू का, त्या रडण्यात आनंदही होता, हरवलेलं माणूस गर्दीत सापडावं तसा. ही टोच तिच्या चांगल्याच ओळखीची होती.

“दे व माय,” ती म्हणाली. “मी चुकनू. दे.”

धुरपदाबाईनं कळशीच उचलली आणि तिच्या पुढं धावली. ख्रिस्ती लोकांच्या चर्चमध्ये, उत्तम शुक्रवारच्या उपासनेत, खंडेरायाच्या भक्तिणीनं झुलालला पाणी पाजलं. पाळक अहिरे बाजूला उभे होते. सहावा शब्द सांगायचा राहिला होता, पण कुणी घाई केली नाही.

धुळ्याची एसटी उन्हं कलताना निघाली. यशोदाबाईनं झुलालचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पदराच्या गाठीत देवळीतली पुडी होती. खिडकीतून सोनगीरचा किल्ला मागं सरकत होता. गाडी प्रत्येक खड्ड्यात आदळली की तो कण्हायचा आणि तिला वाटायचं, आपल्याच हातानं आपण हे केलं.

“तुम्हले तो खरा वाटना व्हता का?” तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. नाही.

“मंग गोया कसाले सोड्यात?”

त्यानं डोळे मिटून घेतले. गाडीच्या आवाजात तिला वाटलं, झोपला असेल.

“तू हासत व्हती,” झुलाल म्हणाला. “मी म्हनं, हासू दे तिले.”

“आनि तुम्ही मरी जातात तं?”

“मंग तू रडती. पन तवा तं हासत व्हती ना.”

यशोदाबाईनं तोंडात पदर कोंबला. इतके दिवस ती मिरचीच्या पार टोकाकडं डोळे लावून बसली होती, आणि घरात खाटेवर कोण पडलं होतं! मागच्या बाकावरच्या माणसानं विचारलं, बाई, काय झालं? ती म्हणाली, काही नाही भाऊ, मिरचीचा हात डोळ्याला लागला.

दवाखान्यात तिला जे बोलणं बसलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिनं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. गोळ्या पहिल्यापासून सुरू झाल्या, वर रोजची सुई. पावसाळाभर झुलाल कधी या काठाला, कधी त्या काठाला. गावातल्या बाया ओट्यावर यायच्या बंद झाल्या. तिनं स्वतःच चर्चमध्ये उभं राहून सांगितलं होतं की ज्याला मी प्रभू म्हणत होते तो प्रभू नव्हता, आणि त्याच्या गोड बोलण्यानं मीच हुरळले होते. सांगताना तिचे कान तापले, पण सांगितलं.

पुढच्या हंगामात मिरची पुन्हा पथारीवर पडली. झुलाल वाचला होता. अर्धा राहिला होता म्हणा, पण चालता-बोलता होता. शेठनं त्याला लिंबाखाली बसून शेळ्या हाकलायचं काम दिलं. एखादी शेळी आली की तो काठी आपटायचा आणि खोकायचा, आणि शेळी खोकल्यालाच जास्त घाबरायची. दोघींची मडकी पुन्हा शेजारी शेजारी आली होती. सुवार्ताला मुलगा झाला होता.

एका दुपारी यशोदाबाईचा डोळा लागला. पथारीच्या टोकाकडून कुणीतरी येत होतं.

ती स्वप्नातच सावध झाली, मुठी आवळून बसली. पण हा माणूस सरळ चालतच नव्हता. शिंकत होता. चार पावलं टाकायचा आणि वाकून शिंकायचा. कपडे गुडघ्यापर्यंत लाल, नाक वाहतंय, डोळे सुजलेले. जवळ आला तेव्हा त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण ठसक्यानं एक शब्द बाहेर येईना. त्यानं हातानंच खूण केली, पाणी. तिनं लोटा भरून दिला. तो घटाघटा प्यायला, अर्धं पाणी दाढीवरून सांडलं. मग त्यानं डोळे पुसले, आणि पुसायला नेमका मिरचीचा हात घेतला. “आय वं!” असं ओरडून तो डोळे मिटून जागच्या जागी नाचू लागला.

यशोदाबाई इतकी हसली की हसण्यानंच जाग आली. तू कोण, असं तिनं त्याला विचारलं नव्हतं. विचारावंसं वाटलं नव्हतं.

“कसाले हासस वं?” शेजारी पडलेल्या धुरपदाबाईनं विचारलं. “कोन उना व्हता?”

पलीकडं झुलालला खोकल्याची उबळ आली होती. त्यानं पाण्यासाठी हात पुढं केला होता.

“ठसका लागनारा,” यशोदाबाई म्हणाली, आणि धुरपदाबाईच्या मडक्यात लोटा बुडवला.